अरुंधती दिसली का?

वैशाखात वाशीमला आकाश पाहायची हौस असावी लागत नाही. घरात झोप लागत नाही, एवढं पुरतं. गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या आणि उताणं पडायचं.

तसं आमच्या गावाचं आकाशाशी फार जुनं खातं आहे. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहला’त मध्यरेषेवरच्या गावांची नावं दिली आहेत. त्यांत उज्जैनच्या जोडीला वत्सगुल्म, म्हणजे आमचं वाशीम! नकाशा काढला तर आम्ही उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून जास्तच सरकलेले. म्हणजे घड्याळात पाचएक मिनिटांचा फरक. आमच्या कॅशमध्ये पाच रुपयांचा फरक निघाला तर रात्री आठपर्यंत घर दिसत नाही. असो.

तर या महिन्यात रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करावं. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम 20 अंशांवर; आमच्याकडून तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे जातो. त्याच्या बराच वर सप्तर्षी, पालथ्या पळीसारखे. पळीच्या दांड्याचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. जिच्यावरून महिन्याला नाव पडलं ती विशाखा मात्र फिकी, आग्नेयेला शोधावी लागते.

दांड्याच्या टोकाकडून दुसरा तो वसिष्ठ. आपल्यापासून सुमारे 80 प्रकाशवर्षं लांब. त्याला खेटून बारीकशी अरुंधती.

ती मला दिसेना. अरुंधती दिसेनाशी झाली की माणसाचे सहाच महिने उरले, असं आजी म्हणायची. मी घाईघाईनं म्हणालो, “दिसली!”

“लग्नातही असंच म्हणाला होतात,” सौ. म्हणाली. “आणि तोंड दक्षिणेला होतं तुमचं.”

“तुला दिसली होती?”

“भर दुपारी बारा वाजता? पण भटजी विचारत होते, पंगत खोळंबली होती. म्हटलं, दिसली!”

म्हणजे बावीस वर्षांचा आमचा संसार दोन खोट्या सह्यांवर चालला होता.

मी पुन्हा वर पाहिलं. काही नाही. “खरंच दिसत नाही गं,” मी म्हणालो. चष्म्याचा नंबर वाढलाय, हे वर्षभर मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. स्वतःचा चष्मा काढून तिनं माझ्या नाकावर चढवला.

वसिष्ठाशेजारी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका.

तिला आता सप्तर्षीही दिसत नसावेत. तिनं विचारलं, “आहे ना हो जागेवर?”

“आहे,” मी म्हणालो.