मॉमी नदीचं देणं

ईरी सरोवरावर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही दिवसभर उपग्रहातून खाली बघत असणार. बघते खरी. दर उन्हाळ्यात सरोवरात माजणाऱ्या विषारी सायनोबॅक्टेरियांमधलं फायकोसायनिन हे रंगद्रव्य 620 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. ‘एन्व्हिसॅट’वरच्या मेरिस उपकरणाला तो पट्टा वेगळा टिपता यायचा. एप्रिल 2012 मध्ये तो उपग्रह मुका झाला आणि सेंटिनेल-3 वर जायला फेब्रुवारी 2016 उजाडला. मधली वर्षं मोडिस या दुसऱ्या उपग्रह-उपकरणाच्या भरड चित्रांवर भागवलं.

नेमकं त्याच काळात, 2 ऑगस्ट 2014 ला, याच सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहराच्या नळाला या सायनोबॅक्टेरियांचं मायक्रोसिस्टिन हे विष आलं. चार लाखांवर माणसांना बजावलं गेलं: पिऊ नका, उकळूनही नका. पुण्याहून आईचा फोन, “अगं, वीस मिनिटं उकळ आणि गाळून पी!” उकळल्यानं हे विष जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं, हे तिला पटवताना नाकी नऊ आले.

पण यंदाच्या उन्हाळ्यात सायनोबॅक्टेरिया किती माजणार, हे चित्र बघून कळत नाही. मार्च ते जुलै मॉमी नदीतून सरोवरात किती फॉस्फरस आला, त्यावर ते ठरतं, आणि तो हिशेब टिफिन गावच्या हायडेलबर्ग विद्यापीठाकडे आहे. डेव्हिड बेकर यांनी 1969 मध्ये हे काम सुरू केलं. मॉमीकाठच्या वॉटरव्हिलला 1975 पासून पाण्याचे नमुने घेतले जातात. पुरात दिवसाला तीन-तीन. शेतातून विरघळून येणारा फॉस्फरस 1990 च्या दशकाच्या मध्यापासून चढू लागला, हे त्या नोंदींमुळेच उघड झालं. अशा कंटाळवाण्या कामाला कोणी हार घालत नाही.

मला नमुना घ्यायला शिकवलं ते तिथल्याच, निवृत्तीला टेकलेल्या एका तंत्रज्ञांनी. माझी रंगीत चित्रं बघून म्हणाले, “सुरेख. ढग आले की काय करतेस? आणि वारा सुटला की?” वाऱ्यानं सायनोबॅक्टेरियांचे पुंजके खाली ढवळले जातात. चित्रात सरोवर निवळलेलं दिसतं, विष मात्र पाण्यातच असतं. मग त्यांनी मला गमबूट दिले आणि काठावर नेलं. विरघळलेला फॉस्फरस मोजायचा तर पाणी आधी गाळायचं, हेही तिथेच शिकले.

परवा सायनोबॅक्टेरियांचा यंदाच्या मोसमाचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा त्यांना फोन केला. आभाराचं वाक्य अर्ध्यावर तोडून त्यांनी विचारलं, “जूनचा शेवटचा पूर धरलाय ना त्यात?”