तिसरे टेबल

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत सप्टेंबरच्या सुमारास 'मीट द फर्म्स' नावाची एक संध्याकाळ भरते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चार बड्या आणि त्यांच्याहून लहान अशा लेखापरीक्षण कंपन्या टेबले मांडून बसतात. लेखाशास्त्राचे विद्यार्थी सुटाबुटात त्यांच्यापुढे उभे राहतात. तिथे शिकायला गेलो असताना आम्हीही उभे राहिलो होतो. नावाची पट्टी उजवीकडे लावावी, म्हणजे हस्तांदोलन करताना समोरच्याची नजर आपसूक तिच्यावर जाते. पेला डाव्या हाती धरावा, म्हणजे उजवा कोरडा राहतो. परिचय तीस सेकंदांत आटोपावा. ही सारी संहिता आम्हांस मुखोद्गत होती.

पहिल्या दोन टेबलांवर ती बिनचूक म्हटली. समोर काहीही उमटले नाही. तिसऱ्या टेबलावरच्या तरुण लेखापरीक्षक बाईंनी मध्येच विचारले, "या विषयाकडे का वळलात?" मग काकांच्या किराणा दुकानातली एक रात्र आम्ही अडखळत सांगितली. रोजमेळात चाळीस रुपये कमी पडत होते, आणि खिशातून भर घालायला काका तयार नव्हते.

"चूक सापडली?"

"उधारीच्या वहीत. आमच्याच हस्ताक्षरात."

त्या हसल्या आणि नोकरीच्या पहिल्या वर्षातली स्वतःची एक चूक सांगू लागल्या.

चौथ्या टेबलावर आम्ही तोच किस्सा पुन्हा सांगितला. या खेपेस अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या होत्या.

मुलाखतीचे बोलावणे तिसऱ्या टेबलाकडून आले. चौथ्याकडून आले नाही. ते योग्यच झाले, असे आज वाटते.