शंभर मिलिलिटरची बाटली

खोबरेल तेल पातळ समजायचे की घट्ट, हा प्रश्न मला शाळेत कुणी विचारला नव्हता. तो मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी विमानतळावर पडला, आणि विचारणारी माझी आई होती.

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिला मुलगी झाली आणि आईला तिकडे नेऊन पोहोचवायचे काम माझ्याकडे आले. मी सरकारी कारकून. आम्हाला परदेशी जायचे तर खात्याची परवानगी लागते. ती मिळवण्यात माझे दिवस गेले आणि सामान भरण्यात आईचे. अळिवाचे लाडू, माडाचा गूळ, मिस्कूट, सोलांचे आगळ, वेखंड, शिवाय कसल्या कसल्या पुड्या. कारकुनाच्या सवयीने मी विमानतळाचे नियम आधीच वाचून ठेवले होते. पातळ म्हणून जे काही आहे ते सगळे मोठ्या बॅगेत जाईल, हातातल्या पिशवीत काही नको, असे मी आईला तीनदा बजावले. तिने तीनदा मान हलवली. आईने वाद न घालता मान हलवली की काहीतरी शिजते आहे हे मला एव्हाना कळायला हवे होते.

तपासणीच्या पट्ट्यावरून आमच्या पिशव्या आत गेल्या. माझी बाहेर आली. आईची यंत्रातच थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि बाजूच्या टेबलावर काढली गेली. गणवेशातल्या तरुण मुलीने ती उघडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बाटली निघाली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, धुऊन वाळवलेली. तळाशी काचेतच आकडा होता, २००. आत खोबरेल तेल. बाटली अर्धीही भरलेली नव्हती.

"माताजी, ये बोतल बड़ी है," ती मुलगी म्हणाली. "सौ एमएल से ऊपर नहीं जाएगी."

मी आईकडे पाहिले. आईने बाटली हातात घेतली आणि आडवी धरली. तेल हलले नाही. पहाटेची थंडी आणि वरून ते गारठवणारे वातानुकूलन, तेल तुपासारखे थिजले होते. आई मला म्हणाली, "पळय मरे, थिजलां. हें खंय पातळ?"

खरे सांगायचे तर मला उत्तर सुचेना. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठते. गोव्यात ते वर्षातले बहुतेक दिवस पातळ असते आणि डिसेंबरच्या पहाटे घट्ट. म्हणजे आईचा मुद्दा शास्त्राला धरून होता. पण नियम करणाऱ्यांनी हाही विचार केलेला आहे. त्यांच्या यादीत पाणी, तेल, अत्तर यांच्या जोडीला मलम, जेली, टूथपेस्ट, लोणी, जॅम, फवारा हे सगळे येते. थोडक्यात, जे सांडते, पसरते किंवा दाबून बाहेर येते ते सगळे पातळच. थिजलेले तेलही त्यात आले.

हा नियम आला कुठून, हे थोडे सांगायला हवे. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. लंडनहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके न्यायची आणि ती विमाने हवेत उडवायची, असा तो बेत होता. सुरुवातीचे काही दिवस तर तिथे हातातल्या सामानालाच बंदी होती. पासपोर्ट, पैशाचे पाकीट, नेहमीचे औषध एवढेच पारदर्शक पिशवीतून नेता येई. तान्ह्या बाळाचे दूध चाले, पण बरोबरच्या मोठ्या माणसाने प्रत्येक बाटलीतले दूध तपासनिसासमोर चाखून दाखवायचे. विचार करून पाहा. स्वतःच्या बाळाचे दूध आई पिऊन दाखवते आहे, आणि समोरचा माणूस तिचा चेहरा न्याहाळतो आहे.

पातळ पदार्थांची ही भीती त्याआधीही होती. १९८७ मध्ये दक्षिण कोरियाचे एक विमान उडवले गेले आणि ११५ माणसे गेली, तेव्हा दारूच्या बाटलीतून द्रव स्फोटक आत नेले होते. १९९४ मध्ये फिलिपाइन्सच्या विमानात स्फोट होऊन एक प्रवासी दगावला, त्या वेळी डोळ्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाची बाटली वापरली होती. मग २००६ च्या सप्टेंबरात अमेरिकेने आणि नोव्हेंबरात युरोपने हल्लीचा नियम आणला, आणि पुढच्या वर्षीपासून तो जगभर पसरला. प्रत्येक बाटली फार तर १०० मिलिलिटरची. अशा सगळ्या बाटल्या मिळून एका पारदर्शक, बंद करता येणाऱ्या, एक लिटरच्या पिशवीत. माणशी पिशवी एकच. औषधे आणि तान्ह्यांचा आहार यांना सूट.

यातली खरी मेख पुढे आहे. मोजतात ती बाटली, आतला पदार्थ नव्हे. दोनशेच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल असले तरी ती दोनशेचीच. तुम्ही म्हणाल, हा शुद्ध वेडेपणा. मला तसे वाटत नाही. रांगेत पाचशे माणसे उभी असताना आत किती आहे हे कोण मोजत बसणार? बाटलीवरचा आकडा कुणालाही वाचता येतो आणि त्यावर वाद होत नाही. शिवाय जुन्या यंत्रांना बाटलीचा आकार दिसे, पण आत पाणी आहे की आणखी काही हे खात्रीने ओळखता येत नसे. आता इस्पितळातल्या सीटी स्कॅनसारखी यंत्रे आली आहेत. २०२५ च्या जुलैत एडिनबरो आणि बर्मिंगहॅमच्या विमानतळांनी दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी दिली. यंत्राची नजर सुधारली आणि नियम सैल झाला.

मोहोर पाहून विश्वास ठेवायची रीत आपल्यालाही नवी नाही. काशीहून आणलेला गंगेचा गडू आठवतो? तोंड झाळून बंद केलेला. देवघरात तो वर्षानुवर्षे तसाच असे आणि घरातल्या कुणाचा शेवट जवळ आला की फोडला जाई. आत गंगाच आहे हे कुणी तपासले होते? झाळलेले तोंड शाबूत आहे, एवढे पुरे. विमानतळावरच्या करमुक्त दुकानात घेतलेली बाटली पावतीसकट मोहोरबंद पिशवीत घालून देतात, ती पुढच्या विमानतळावर पाहतात तेव्हाही हेच चालते. पिशवी फोडली की विश्वास संपला.

आपल्याकडच्या माणसाला या नियमांची झळ थोडी जास्तच लागते, कारण आपली आठवण बहुधा पातळ असते. आगळ, तेल, फेणी, देवळातले तीर्थ. फेणी निदान मोठ्या बॅगेतून जाते. दुकानातली बंद बाटली हवी आणि माणशी पाच लिटरची मर्यादा, एवढे पाळले की झाले. नारळाचे प्रकरण अवघड आहे. तेल नको तर सुके खोबरेच पाठवू म्हणाल, तर २०२२ पासून आपल्या विमानांत त्यालाही मनाई आहे, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. पण २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलेला जाणाऱ्या भाविकांना इरुमुडीतला नारळ विमानात स्वतःजवळ ठेवायची मुभा काही महिन्यांसाठी मिळाली. त्या इरुमुडीत तूप भरलेला नारळ असतो. तपासणीतून मात्र सुटका नाही, तो यंत्रातून जातो आणि हातानेही पाहिला जातो. मला त्यातली एक गोष्ट आवडली. ही मुभा वरून रीतसर कागद निघून आली. रांगेतल्या कुणी पट्ट्यावरच्या पोराशी भांडून ती मिळवली नाही.

असो. आपण टेबलापाशी होतो.

आई ती बाटली सोडेना. मग मला कळले ते असे. ते तेल आमच्या परसातल्या, बाबांनी लावलेल्या माडाच्या नारळांचे. बाबा त्याच पावसाळ्यात गेले. ते असताना काढलेले शेवटचे नारळ आईने बाजूला ठेवले होते, अंगणात खोबरे वाळवले होते आणि शेजाऱ्याबरोबर घाण्यावर पाठवून तेल काढून आणले होते. निघाले तेवढे या बाटलीत होते. नातीच्या अंगाला आजोबांच्या हातचे काहीतरी लागावे, एवढेच. "ती व्हडली बॅग शेणली जाल्यार?" आई म्हणाली. बॅग हरवली तर लाडू पुन्हा वळता येतात, हे तेल पुन्हा येणार नव्हते. म्हणून ते तिने स्वतःजवळ ठेवले होते.

हे ऐकताना मला एकदम आमचा काउंटर दिसला. त्याच्या आदल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ दाखला घेऊन आले होते. दोन बसगाड्या बदलून. दाखल्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. ते म्हणाले, "मी तोच, घर तेच, गाव तोच. चार दिवसांत काय बदलले?" मी म्हणालो, "नवा दाखला आणा." कागद परत सरकवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी खोटे काही केले नव्हते. नियम तसाच होता आणि आजही तसाच आहे. पण मी आत काय आहे ते पाहिलेच नव्हते. बाटलीच्या तळाचा आकडा तेवढा पाहिला होता. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, निदान माझ्या काउंटरवर तरी नाही.

आता काउंटरच्या पलीकडे मी होतो. माझ्या तोंडावर तीच ओळ आली होती, "अहो, आत शंभरसुद्धा नाही." मी ती गिळली. तिला काय उत्तर मिळते हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

ती मुलगी आईकडे पाहत होती. तिला कोंकणी कळत नसणार, पण गोष्ट कळली असावी. तिने बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली नाही. मला विचारले, "आपके पास कोई छोटी शीशी है?"

होती. माझ्या पारदर्शक पिशवीत शंभर मिलिलिटरची शांपूची बाटली होती. "बाहर जाके भर लाइए. फिर लाइन में आना पड़ेगा," ती म्हणाली आणि पुढच्या पिशवीकडे वळली.

आम्ही मागे फिरलो. मी शांपू बेसिनमध्ये ओतला आणि बाटली पाचसहा वेळा धुतली. बाहेर येऊन पाहतो तर तेल ओतता येत नव्हते. थिजलेले होते ना! आईने काही न बोलता ती काचेची बाटली पदराखाली पोटाशी धरली आणि बाकावर बसून राहिली. जाणारे-येणारे पाहत होते. विमानाची वेळ जवळ येत होती आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. माणसाच्या अंगाची ऊब खोबरेल वितळायला पुरते, फक्त वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी आईने बाटली हलवून पाहिली. तेल हलले.

छोटी बाटली गळ्यापर्यंत भरली तरी काचेला थोडे चिकटून उरलेच. ते आईने तळव्यावर घेतले, आधी स्वतःच्या डोक्याला लावले, मग राहिलेले माझ्या टाळूवर थापले. सणाच्या दिवशी पहाटे न्हाणीत थापायची तसेच. रिकामी बाटली तिने स्वतःच्या हाताने डब्यात टाकली. आम्ही पुन्हा रांगेत लागलो. त्या मुलीने छोटी बाटली उचलून आकडा पाहिला आणि पिशवीत परत ठेवली. तिने ओळख दाखवली नाही, आम्हीही नाही. केसांना तेल चोपडून मी इंग्लंडला गेलो.

तिकडे त्या घरात तेल सदाच थिजलेले असे. आई बाटली गरम पाण्यात ठेवी आणि मग नातीला न्हाऊ घालायला बसे. जपून वापरले तरी दोन आठवड्यांत ते संपले.

मी परत येऊन कामावर रुजू झालो. नियम सैल करायचा अधिकार मला नाही आणि मी तसे करतही नाही. मुदत संपलेला दाखला मी आजही घेत नाही. पण कागद परत सरकवण्याआधी आता विचारतो की दुसरे काही कागद आहेत का, यातले कोणते चालेल, आणि आजच्या आज काम व्हायचे तर कुठल्या खिडकीवर जावे लागेल. माणशी दोन मिनिटे जास्त लागतात. मागची रांग कुरकुरते.