निथळणाऱ्या घामाचा हिशेब

नागपूरचा मे महिना अधिक कठीण की कोलकात्याचा, असे कोणत्याही मराठी घरात विचारले तर उत्तर ठरलेले असते. ४२ अंशांच्या उन्हापुढे ३४ अंशांची काय मातब्बरी! मात्र हाच प्रश्न लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या माणसाला विचारला, तर तो आधी हवेतली आर्द्रता विचारील. त्याच्या दृष्टीने घाम किती येतो यापेक्षा किती वाळतो हे महत्त्वाचे असते.

त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते आणि तिच्यावरच्या घामाचा बाष्पदाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. घाम किती वेगाने उडून जाईल हे या दाबातून हवेतल्या वाफेचा दाब वजा केल्यावर जे उरते त्यावर ठरते. नागपुरात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला बाष्पदाब १.२ च्या आसपास येतो, फरक ४.४ उरतो. कोलकात्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला बाष्पदाब ३.७ होतो आणि फरक केवळ १.९ उरतो. नागपूरची हवा अंग भाजून काढते खरी, पण घाम तत्काळ उचलून नेते. कोलकात्याची हवा तो अंगावरच ठेवते. तो थेंब थेंब जमिनीवर पडतो, आणि जमिनीवर पडलेला थेंब शरीरातली उष्णता जवळजवळ नेतच नाही. उष्णता नेण्याचे काम वाफ होण्याच्या क्रियेत आहे. पाण्याच्या अप्रकट उष्म्याचा पाठ्यपुस्तकातला धडा इथे माणसाच्या अंगावर घडत असतो.

ट्रायथलॉन या क्रीडाप्रकारात हा धडा फार सविस्तर शिकायला मिळतो. पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्ही गोष्टी सलग करायच्या. १९७८ साली हवाई बेटांतल्या ओआहू येथे १५ जणांनी अशी पहिली लांब शर्यत सुरू केली आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्या पूर्ण शर्यतीत आज ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. अर्ध्या शर्यतीत हीच अंतरे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर होतात. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, म्हणूनच तिच्या नावात ७०.३ हा आकडा आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ही अर्धी शर्यत प्रथम भरली. अरबी समुद्रात पोहून बाहेर यायचे, सायकल हाणायची आणि ऊन चढलेले असताना दमट किनारी हवेत धावायचे, असे तिचे स्वरूप आहे.

पूर्ण अंतराचे स्वप्न पाहणारे अनेक जण अशी उष्ण हवेतली अर्धी शर्यत सराव म्हणून धावतात. कोलकात्यात राहणाऱ्या खेळाडूला तर सरावासाठी वेगळी उष्णता शोधावी लागत नाही. पहाटे रवींद्र सरोवराभोवती किंवा मैदानावर धावायला निघालेल्या माणसाचा सदरा पहिल्या काही मिनिटांतच भिजतो. प्रश्न इतकाच, की उष्णतेतली अर्धी शर्यत त्याला नेमके काय शिकवते?

अर्धे जमले म्हणजे दुप्पट करण्याची निम्मी तयारी झाली, हे सोपे उत्तर फसवे आहे. अंतराचा ताण बेरजेने वाढतो. उष्णतेचा ताण मात्र जमाखर्चाने चालतो. ६५ किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावतो तेव्हा त्याच्या शरीरात सुमारे ७५० वॉट उष्णता निर्माण होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २४ लाख ज्यूल उष्णता जाते. म्हणजे तासाला एक लिटरहून थोडा अधिक घाम निव्वळ वाळायला हवा. निथळलेला घाम वेगळा. कोलकात्याच्या वर सांगितलेल्या हवेत हे गणित जेमतेम जुळते, आणि ज्या क्षणी जुळेनासे होते त्या क्षणापासून उरलेली उष्णता शरीरात साठू लागते. तिथे जिद्द उपयोगी पडत नाही. जिद्द म्हणजे आणखी काही वॉट.

सायकलवर हे लक्षात येत नाही, हा या शर्यतीतला सापळा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तेवढाच वारा अंगावर मिळतो. धावणाऱ्याच्या तिप्पट वाऱ्यामुळे घाम वाळण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. ९० किलोमीटर आपण ताजेतवाने आहोत असे वाटत राहते. मग सायकल ठेवून धावायला लागले की वारा नाहीसा होतो, ऊन वाढलेले असते आणि शरीरातले पाणी कमी झालेले असते. हृदयाला एकाच रक्तातून स्नायूंना प्राणवायू आणि त्वचेला उष्णता पोहोचवायची असते. वेग तोच असूनही नाडीचे ठोके वाढत जातात. मनगटावरच्या घड्याळातला हा चढता आकडा म्हणजे जमाखर्च बिघडल्याची पहिली सूचना होय.

या विषयाचा शास्त्रीय पाया खेळाच्या मैदानावर घातला गेलेला नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन खाणकामगारांच्या प्रश्नाकडे पाहत होते. १९०५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की माणसाची सहनशक्ती साध्या तापमापकापेक्षा फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेला तापमापक अधिक अचूक सांगतो. स्थिर हवेत हे ‘वेट बल्ब’ तापमान सुमारे ३१ अंशांपुढे गेले, की नुसते बसलेल्या माणसाच्याही शरीराचे तापमान चढू लागते. काम करणाऱ्याची मर्यादा याहून बरीच खाली. वर दिलेल्या उदाहरणात नागपूरचे वेट बल्ब तापमान २२ अंशांच्या आसपास येते, कोलकात्याचे २९ अंशांच्या. याच हॉल्डेन यांचे चिरंजीव, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. वडिलांनी प्रयोगातून मोजलेली हवा मुलाच्या रोजच्या जगण्यात आली.

शरीर या हवेशी जुळवून घेते, हेही खाणींनीच शिकवले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत नव्या मजुरांना खोलवर पाठवण्यापूर्वी उष्ण दमट खोल्यांत काम करायला लावून तयार केले जाई. दहा ते चौदा दिवस रोज उष्णतेत श्रम केले तर रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जाते आणि त्याच श्रमाला नाडी कमी धावते. ही कमाई टिकाऊ मात्र नाही. उष्णतेपासून दूर गेल्यावर काही आठवड्यांत ती ओसरते. शिवाय अधिक घाम येण्याची क्षमता दमट हवेत अपुरी ठरते, कारण अडचण घाम येण्याची नसून वाळण्याची असते.

घामाबरोबर गेलेले भरून काढण्याचा प्रश्नही कोलकात्याशी जोडलेला आहे. केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातला सोडियम घातक प्रमाणात उतरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळला. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या हाताला धरून आत जातात आणि पाठोपाठ पाणी शोषले जाते, हे तत्त्व माणसाचा जीव वाचवू शकते, याची मोठी प्रचिती १९७१ मध्ये सीमेवरच्या बनगाव येथील निर्वासित छावणीत आली. पटकीच्या साथीत शिरेतून द्यायची सलाइन संपत आली, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालानबिस यांनी मीठ, साखर आणि पाण्याचे मिश्रण तोंडाने पाजले. छावणीतला सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. शर्यतीतल्या रंगीत पेयाच्या बाटलीमागे आपल्या घरातल्या जलसंजीवनीचेच तत्त्व आहे.

तरीही कोणतेही पेय वेट बल्ब तापमान खाली आणीत नाही. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली गेली. तेव्हाही तापमान ३० अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर होती. ६८ पैकी २८ धावपटूंनी शर्यत सोडली. त्या जगातल्या उत्तम धावपटू होत्या. त्यांच्या माघारीला दुबळेपणा म्हणणे म्हणजे तापमापकावर भित्रेपणाचा आरोप करणे होय. धावताना बोलणे असंबद्ध होऊ लागले, तोल जाऊ लागला, शरीर ४० अंशांपलीकडे तापले, तर तो उष्माघात असतो. तिथे मिनिटे मोजकी असतात: आधी गार पाण्यात बुडवून शरीर थंड करायचे आणि मग रुग्णालय गाठायचे, हा क्रम जीव वाचवतो. दुसऱ्या कोणी हात धरून थांबवले तर थांबावे, हे शर्यतीच्या आधीच ठरवून ठेवावे लागते. कारण तापलेल्या मेंदूला आपण तापलो आहोत हे कळत नाही.

म्हणून उष्ण हवेतली अर्धी शर्यत शौर्याची परीक्षा न मानता एक मोजमाप मानावे. आधी आणि नंतरचे वजन, मध्ये प्यायलेले पाणी, प्रत्येक टप्प्यावरची नाडी आणि त्या दिवसाची आर्द्रता एवढे टिपले, तर तासाला किती घाम जातो आणि कोणत्या वेगाला जमाखर्च तुटतो हे स्वतःचे आकडे हाती येतात. पूर्ण शर्यतीत तीच पुंजी कामाला येते. पदक फार तर भिंतीवर राहते.

हे आकडे केवळ खेळाडूंचे नाहीत. कोलकात्याच्या गल्ल्यांतून आजही काही माणसे हाताने रिक्षा ओढतात. त्यांच्या वाटेवर पाण्याचे टेबल नसते, बर्फाचे टब नसतात आणि शर्यत सोडण्याची सोयही नसते. विद्यार्थ्यांनी एक साधा तापमापक घ्यावा, फुग्याभोवती ओले सुती फडके गुंडाळावे, पंख्याने वारा द्यावा आणि मे महिन्यातल्या दुपारी आपल्या गावाचा आकडा लिहून ठेवावा. मग त्या क्षणी बाहेर कोण कोण कष्टत आहे, ते खिडकीतून पाहावे.