एक पत्र आणि लुडोचे दोन फासे



२९ जून हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. २००७ पासून तो देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यांनी १९३१ मध्ये स्थापन केली, हे आपली मुले सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत न चुकता सांगतात. जूनअखेर शाळा पुरती रुळावर आलेली नसते, म्हणून आपण हा दिवस जुलैतल्या एखाद्या शनिवारी साजरा करतो. यंदा गणिताच्या बाईंनी भाषण वगैरे काही ठेवले नाही. "मॅडम, नववीच्या वर्गात या आणि येताना रागवायची तयारी करून या," एवढेच म्हणाल्या.

वर्गात ४० मुले होती. प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवायचे आणि किती वेळा छापा पडला ते लिहायचे. बहुतेकांचे चार, पाच, सहा आले. आठ मुलांचे सात किंवा त्याहून जास्त आले, तर सहा मुलांचे तीन किंवा त्याहून कमी. बाईंच्या सांगण्यावरून मी त्या आठांना उभे करून शाब्बासकी दिली, टाळ्या वाजवायला लावल्या. मग त्या सहा जणांना चांगले फैलावर घेतले. नाटकच होते, पण सवय इतकी मुरलेली की एक मुलगी खरेच रडवेली झाली.

मग सर्वांनी पुन्हा दहा वेळा नाणे उडवले. शाब्बासकी मिळालेल्या आठांचे आधी मिळून ६० छापे होते, आता ४१ झाले. रागावलेल्या सहा जणांचे १६ होते, ते ३१ झाले! मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडमच्या रागाचा परिणाम!" सारा वर्ग हसला. मीही हसले.

पण हसू फार टिकले नाही. कारण इतकी वर्षे मी हेच तर मानत आले. त्रैमासिक परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे कौतुक करावे, तर अर्धवार्षिकला ती घसरतात. तळाच्यांना ऑफिसमध्ये बोलावून खडसवावे, तर ती वर येतात. नव्या शिक्षकांना मी हे अनुभवाचे बोल म्हणून सांगत असे. नाण्याला ना कौतुक कळते ना राग, तरी तेही तसेच वागले.

बाईंनी मुलांना कारण सांगितले. परीक्षेतल्या गुणांत अभ्यास असतो, तसा योगायोगाचाही वाटा असतो. नेमका वाचलेला प्रश्न आला, आदल्या रात्री ताप होता, तपासणारा हात सैल होता, असे काहीही. जो फारच वर गेला, त्याला बहुधा योगायोगाचीही साथ मिळालेली असते, आणि ती साथ पुढच्या वेळी मिळेलच असे नाही. तळाच्यांचे याच्या उलट. म्हणून दोघेही सरासरीकडे सरकतात, कोणी काही बोलो वा न बोलो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ मुलांच्या उंचीवरून हे दाखवले होते. उंच आईबापांची मुले उंचच होती, पण सरासरीने आईबापांइतकी नव्हती. पुढे २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले डॅनियल कानेमान इस्राएलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत असताना एका प्रशिक्षकाने अगदी माझाच सिद्धान्त त्यांना ऐकवला होता. कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते, ओरडले की सुधारते! कानेमान यांनी त्या सर्वांना पाठीमागच्या खुणेकडे न बघता नाणी फेकायला लावून उत्तर दिले.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. 'प्रायिकता' मला सूत्रासकट पाठ होती. अनुकूल घटना भागिले एकूण घटना, पाच गुण खिशात. मराठीत तिलाच संभाव्यता म्हणतात हे शाळेत नोकरीला लागल्यावर कळले. ती आपल्या टेबलावरच्या कागदांतही असते, हे मात्र त्या शनिवारी कळले.

कारण घरी जाताना मला एक पत्र आठवले.

२०१५ साली आपल्या बारावी वाणिज्य वर्गात १८ मुले होती, त्यांतली १७ उत्तीर्ण झाली. म्हणजे ९४ टक्के. मी वर्गशिक्षक सरांचा सभेत सत्कार केला. २०१६ मध्ये २० पैकी १५ उत्तीर्ण झाली, ७५ टक्के. एकोणीस टक्क्यांची घसरण! कार्यकारिणीत प्रश्न विचारले गेले आणि मी सरांना लेखी पत्र दिले. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. २०१७ मध्ये २१ पैकी १९ उत्तीर्ण, ९० टक्के. पत्राचा उपयोग झाला, असे मी तेव्हा दोन-चार जणांजवळ बोललेही होते.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी लुडोचा डबा काढला. पहिल्या दोन वर्षांची मुले एकत्र धरली तर ३८ पैकी ३२ उत्तीर्ण, म्हणजे ८४ टक्के. फाशावर 'एक' सोडून दुसरे काहीही पडण्याची संभाव्यता सहापैकी पाच, ८३ टक्के. म्हणजे एक पडला तर नापास, बाकी सारे पास, असे धरता येते. डब्यात फासे दोनच होते. ते दहा वेळा टाकले की वीस मुलांचा एक वर्ग होतो. असे मी वीस वर्ग टाकले. ह्यांनी पेपरातून डोके वर करून विचारले, "या वयात जुगार शिकतेस की काय?"

वीसपैकी चार वर्गांत पाच किंवा त्याहून जास्त मुले 'नापास' झाली. दोन वर्गांत एकच झाले. शिकवणारा कोणी नव्हता, निष्काळजी कोणी नव्हते. फासे तेच, टाकणारी मीच. सोमवारी बाईंनी हिशेब करून नेमकी संभाव्यता सांगितली, ०.२३. म्हणजे दर चार वर्षांत साधारण एकदा काहीही न बिघडता असा निकाल लागू शकतो. वीसच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के, हे तर मला फाशांवाचूनही दिसायला हवे होते.

मुले म्हणजे फासे नव्हेत, हे मलाही कळते. त्या वर्षी सरांचे कदाचित कुठे दुर्लक्ष झालेही असेल. पण १७ आणि १५ या दोन आकड्यांवरून ते ठरवता येत नव्हते आणि मी ठरवून मोकळी झाले होते.

सर आता निवृत्त आहेत. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी पोहे केले होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी पत्राचा विषय काढला, नाण्यांचे आणि फाशांचे सांगितले, चूक झाली असे म्हटले. सर बराच वेळ बशीतली शेव चिवडत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, पत्राचा उपयोग झाला नाही असे नाही. त्या वर्षी मुले २१ नव्हती, २३ होती. दोघे कच्चे होते. मी त्यांच्या घरी जाऊन स्वाध्यायीचा फॉर्म भरायला लावला. ते शाळेच्या निकालात मोजले जात नाहीत ना."

मला हे माहीत नव्हते. दाखले माझ्याच सहीने गेले असणार, पण शाळेतून नाव काढून स्वाध्यायी बसणाऱ्या मुलांची कारणे मी कधी विचारली नव्हती. त्यातली मुलगी दुसऱ्या प्रयत्नात पास झाली, पुढे बी.कॉम.ही झाली म्हणाले. मुलाचे काय झाले ते सरांना ठाऊक नव्हते. "वडिलांचे दुकान होते, तिथे बसत असेल," म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितले.

पत्राची प्रत फाइलमध्ये होती. तिच्याखाली मी 'हे पत्र अपुऱ्या आधारावर दिले होते' असे लिहून तारखेसह सही केली आणि एक प्रत सरांकडे पोहोचवली. यंदा कार्यकारिणीपुढे ठेवायच्या निकालपत्रकात टक्क्यांच्या आधी मुलांची संख्या आहे आणि पाच वर्षांचे आकडे एकत्र दिले आहेत. शेवटी एक नवा रकाना घातला आहे. नववी ते बारावी शाळा सोडून स्वाध्यायी बसलेली मुले. जुनी रजिस्टरे काढून तो भरायला क्लार्कला दोन दिवस लागले. पाच वर्षांची बेरीज ११ आली.