घाट चढायचा की उतरायचा?

भाद्रपद आला की साताऱ्याच्या मास्तरांचा पाय घरात ठरत नसे. माईंनी बांधून दिलेला दशम्यांचा डबा घ्यायचा, कासच्या पठारावर सोनकी-तेरड्याच्या फुलांतून दिवसभर भटकायचे आणि अंधार पडल्यावर घरी परतायचे. माई मात्र एकदाही गेल्या नाहीत. घर, मुले, सासूबाई! मास्तरांनीही कधी आग्रह केला नाही. मग गुडघे रुसले आणि पठार सुटले.

काशीला जायचे माईंनीच काढले. ‘‘घाट म्हटला की चढायचा, एवढंच तुम्हाला ठाऊक. तिथले घाट उतरायचे असतात!’’

पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळून टाकते, पण हिवाळ्यात अस्सीपासून काठाकाठाने चालत जाता येते. दोघे सकाळीच निघाले. वाटेत नारद घाट लागला. तिथे जोडप्याने स्नान केले तर भांडण होते, अशी समजूत. माई म्हणाल्या, ‘‘आपल्याला त्यासाठी गंगा कशाला हवी?’’

लगेच पुढे राजा घाट, म्हणजेच अमृतराव घाट. मास्तर तिथे बसले ते बसलेच. गुडघ्याला हात लावून ते इतिहास सांगू लागले. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव. १८०२ मध्ये होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाला पुण्यातून पळवले, तेव्हा पेशवाई यांच्या अगदी दाराशी आली होती. पण पुढच्याच वर्षी इंग्रजांचे पेन्शन घेऊन ते बाजूला झाले, काशीत आले आणि हा दगडी घाट बांधला.

‘‘तू जा पुढे,’’ इतिहास संपल्यावर मास्तर हळूच म्हणाले. ‘‘मी डबा सांभाळतो.’’

परक्या गावात माई कधी एकट्या फिरल्या नव्हत्या. क्षणभर घुटमळल्या, मग पदर खोचून निघाल्या. अहिल्याबाईंचा घाट, दशाश्वमेधची गर्दी, मणिकर्णिकेच्या जळत्या चिता. तिथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. पुढे शिंदे घाटावर पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ दिसले, तेव्हा हसूच आले. तेही मास्तरांसारखेच एका बाजूला झुकलेले!

परतल्या तेव्हा दोन तास उलटून गेले होते. डबा तसाच होता. मास्तर पायरीवर उभे राहून वाटेकडे बघत होते.

‘‘एवढा उशीर?’’

आजवर हा प्रश्न माईंनीच विचारलेला होता. त्यांनी उत्तर दिले नाही. दशमीवर चटणी घालून पुढे केली.

‘‘उद्या पंचगंगेपर्यंत जाणार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेवून घ्या वेळेवर. माझी वाट बघत बसू नका.’’