सुगीचा गडी

ऑगस्ट महिना सरत आला की, इंग्लंडमधील गव्हाची शेते कापणीला येतात. त्याच सुमारास बांधावरच्या गवतात, कुंपणाच्या झुडपांवर आणि भाजीच्या मळ्यात सायंकाळी एक विलक्षण प्राणी हिंडताना दिसू लागतो. ज्वारीच्या दाण्याहून जरासे मोठे त्याचे अंग. पण पाय मात्र दोऱ्यासारखे बारीक आणि लांबच लांब! चालताना त्याचे गुडघे आभाळाकडे उंच उचललेले असतात आणि मधोमध ते इवलेसे अंग पाळण्यासारखे झुलत असते. ऐन सुगीत भेटणाऱ्या या प्राण्याला तिकडचे शेतकरी 'हार्वेस्टमन' म्हणजे कापणीचा गडी म्हणतात.

सन 1758 मध्ये स्वीडनमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने त्याला 'फॅलॅन्जियम ओपिलियो' असे शास्त्रीय नाव दिले. लॅटिन भाषेत ओपिलियो म्हणजे मेंढपाळ. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद नावाचा सपाट व पूर्वी दलदलीचा असलेला प्रदेश आहे. तेथील मेंढपाळ एकोणिसाव्या शतकातही पायांना उंच काठ्या बांधून चालत आणि त्या उंचीवरून आपल्या कळपावर नजर ठेवीत. काठ्यांवर चालणाऱ्या अशा मेंढपाळांची आठवण या नावामागे आहे, असे सांगतात. शास्त्रज्ञांची नावे रूक्ष असतात असे म्हणणाऱ्याने हे एक नाव अवश्य ऐकावे.

पाय आठ म्हटल्यावर पाहणारा चटकन म्हणतो, 'हा तर कोळी!' नेमकी येथेच फसगत होते. दोघेही अष्टपाद वर्गातले खरे. पण त्यांचे गण निराळे. कोळ्याचे अंग बारीक कमरेने दोन भागांत विभागलेले असते. सुगीच्या गड्याला कंबरच नाही! त्याचे शिरोवक्ष व उदर एकमेकांना सबंध रुंदीने जोडलेले असल्यामुळे अंग एकाच गोळीसारखे दिसते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. याला अवघे दोन. तेही पाठीवरच्या एका उंचवट्यावर, एक उजवीकडे व एक डावीकडे पाहणारा, असे बसविलेले! त्याच्याजवळ सूत काढण्याचे अवयव नाहीत. म्हणून तो जाळे विणीत नाही. विषाच्या ग्रंथीही नाहीत; म्हणून तो कोणाला विषबाधा करू शकत नाही.

तरीही तो अतिशय विषारी असल्याची अफवा इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पुष्कळ पसरली आहे. याचे एक कारण नावाचा घोटाळा. आपल्याकडे माळ्यावर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात लांब पायांचा एक कोळी सैल जाळ्यात उलटा लटकलेला असतो आणि धक्का लागताच गदगदा हलू लागतो. तशाच घरकोळ्याला आणि या सुगीच्या गड्याला तिकडे 'डॅडी लाँगलेग्ज' हे एकच टोपणनाव आहे. लांब पायांच्या एका माशीलाही तेच! एका नावाचे तिघे. मग एकाविषयीची अफवा दुसऱ्याच्या माथी बसायला कितीसा वेळ लागणार?

जगात या गणाच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती आहेत. सह्याद्रीच्या दमट रानातही त्यांतल्या काही राहतात. मग एवढ्यांतून फॅलॅन्जियम ओपिलियो ओळखावा कसा? त्याची पाठ करडी किंवा तपकिरी असून तिच्यावर खोगिरासारखा गडद पट्टा असतो आणि पोट पांढुरके असते. पण रंगावर फार विसंबू नये. भिंग घेऊन समोरून पाहावे. अंगाच्या पुढच्या कडेखाली, तोंडाच्या चिमट्यांच्या जरा वर, दोन बारीक फिकट काटे शेजारी शेजारी दिसतील. ही त्याची खरी खूण. नर असेल तर तोंडापुढच्या त्या चिमट्यांना वर वळलेली शिंगेही असतात. दोन नर समोरासमोर आले की, चिमट्यांना चिमटे भिडवून एकमेकांना रेटू लागतात. जणू एडक्यांची टक्करच!

त्याच्या आहारात कोणताच सोवळेपणा नाही. मावा, किडींची अंडी, मेलेले कीटक, गळून पडलेले मऊ फळ, सारे त्याला चालते. बटाट्याचा शत्रू असलेल्या कोलोरॅडो भुंगेऱ्याची अंडीही तो फस्त करतो. कोळी भक्ष्याचा रस शोषून घेतो. हा मात्र लहान लहान तुकडे तोडून खातो.

परंतु त्याचे सर्वस्व आहे त्याच्या पायांत. चार जोड्यांपैकी दुसरी जोडी सर्वांत लांब. ती चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी अधिक वापरली जाते. त्याची दृष्टी मंद असल्यामुळे आंधळ्याच्या काठीप्रमाणे हे दोन पाय पुढे टेकीत तो वाट व अन्न शोधतो. पायांची टोके असंख्य सांध्यांची असल्याने गवताच्या काडीभोवती ती वेटोळे घालू शकतात. एकेक पाय तोंडातून हळूहळू ओढून तो स्वच्छ करतो, तेव्हा पाहणाऱ्याला त्याची चिकाटी पाहून हसूही येते आणि कौतुकही वाटते.

शत्रूने पाय पकडला तर तो पाय तेथेच टाकून पळून जातो. तुटलेला पाय पुढे कितीतरी वेळ थरथरत राहतो आणि शत्रू त्या थरथरीकडे पाहत बसतो. युक्ती नामी खरी. पण तिची किंमत जबर. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते. याचा गेलेला पाय पुन्हा कधीही उगवत नाही. एखादा पाय गेला तरी तो चाल बदलून निभावून नेतो. मात्र चाचपण्याचे दोन्ही पाय गेले, तर अन्न कोठे आहे आणि शत्रू कोठे आहे, हे त्याला सांगणारे फारसे कोणी उरत नाही. कित्येक देशांतील मुले मौजेखातर त्याचे पाय ओढतात आणि ती थरथर पाहून हसतात. ती मुले दुष्ट असतात असे नव्हे. पाय पुन्हा उगवत नाही, एवढेच त्यांना ठाऊक नसते.

स्कॉटलंडमधील रायनी गावाजवळच्या सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत या कुळातील एका प्राण्याचे अवशेष मिळाले असून त्यांचे वर्णन 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे पाय तेव्हाही असेच लांब होते. डायनोसोर त्यानंतर फार उशिरा आले आणि गेलेही.

शरद ऋतूत मादी ओलसर मातीच्या भेगांत अंडी घालते. थंडी वाढली की, सुगीचे हे गडी एकेक करून मरून जातात. शेतावर हिम पडते. त्याच्याखाली अंडी तशीच पडून असतात आणि वसंत ऋतूत बर्फ वितळून जमीन उबदार झाली की, टाचणीच्या टोकाएवढी पिले पहिल्यांदाच आपले पाय पुढे टेकून पाहतात.